फुलं एकदम येतात आणि मग महिनाभर काहीच नाही: लहान फुलशेतीत हंगामाची आखणी

प्रश्न थोडक्यात असा: 12 गादीवाफे आहेत, प्रत्येक 1 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब. दर आठवड्याला 30 मिश्र गुच्छ द्यायचे आहेत, सलग 20 आठवडे. गेल्या हंगामात सगळं बी एकाच आठवड्यात पेरलं, तीन आठवडे फुलं ठेवायला बादल्या पुरल्या नाहीत आणि पुढचा महिना गुच्छ बांधण्याइतकीही फुलं निघाली नाहीत. तर यंदा कोणती फुलं लावू आणि किती बी मागवू?

तुम्ही विचारताय कोणती फुलं, पण तुमचं घोडं अडलंय तारखांवर. गेल्या वर्षीच्या त्याच जाती तीन-चार खेपांमध्ये पेरल्या असत्या तरी निम्मा प्रश्न सुटला असता. म्हणून जातींकडे नंतर वळू, आधी हिशोब.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. दहिवर (थंडीत गोठलेलं दव) पडतं का आणि शेवटचं कधी पडतं, कडक उन्हाळा किती आठवडे टिकतो, हंगामात दिवस लांबत जातो की आखडत जातो, यावर खाली दिलेले दिवस मागेपुढे होतील. पाकिटावरचे दिवस साधारण अनुकूल हवामानातले असतात, थंडीत त्यात दोन-तीन आठवडे सहज वाढतात. ते दिवस पेरणीपासून मोजलेत की रोप लावल्यापासून, हेही पाहा. दोन्ही पद्धती चालतात आणि घोळ तिथेच होतो. शिवाय हा हिशोब मिश्र गुच्छांचा आहे. एकाच फुलाच्या जुड्या बांधून दुकानदाराला देणार असाल तर भरणीची, म्हणजे मधल्या मोकळ्या जागा भरणारी फुलं आणि पाला खूप कमी लागेल.

सुरुवात बादलीपासून करा आणि मागे मागे या. एका गुच्छात 12 दांडे धरले तर माझी विभागणी अशी असते: 2 मोठी मुख्य फुलं, 4 मध्यम गोल फुलं, 2 उंच तुरे आणि 4 दांडे भरणी व पाला. 30 गुच्छांना आठवड्याला 60 मुख्य, 120 गोल, 60 तुरे आणि 120 भरणी, एकूण 360 दांडे. हे झाले विकाऊ दांडे. वाकडे, आखूड, किडीने खाल्लेले, पावसाने डागाळलेले आणि तोडायला एक दिवस उशीर झालेले धरून मी पाव हिस्सा नुकसान मांडतो. म्हणजे शेतात 480 दांडे उभे असायला हवेत. नवीन माणसाने 20 टक्क्यांच्या खाली जाऊ नये.

आता वाफा. वाफा मीटरमध्ये मोजून भागत नाही, तो किती आठवडे अडतो हेही मोजावं लागतं. सूर्यफूल 2 मीटर जागा नऊ-दहा आठवडे अडवतं आणि एका झाडाला एकच दांडा देतं. झिनिया जागा बारा आठवडे अडवतो, पण त्यातले सहा आठवडे सतत फुलं देतो. एकदाच देणारी पिकं वेगळी आणि तोडाल तशी देत राहणारी पिकं वेगळी. पहिल्या गटाची पेरणी दर आठवड्याला लागते, दुसऱ्याची हंगामात तीनदा पुरते. गेल्या वर्षी तुम्ही दोन्हींना एकच नियम लावला.

मुख्य फुलासाठी एकदांडी, परागकण न झडणारं सूर्यफूल घ्या. प्रोकट किंवा सनरिचसारख्या मालिका पेरणीपासून साधारण 50 ते 65 दिवसांत येतात. आठवड्याला 60 दांडे हवेत, म्हणून 80 बिया. 15 बाय 15 सेंटिमीटर अंतर ठेवलं तर मीटरभर रुंदीत 6 ओळी बसतात आणि एका मीटर लांबीत 40 झाडं. म्हणजे दर आठवड्याला 2 मीटर. प्रत्येक तुकडा दहा आठवडे अडतो असं धरलं तर एका वेळी 20 मीटर जागा गुंतलेली राहील, पूर्ण दोन वाफे. अंतर 22-23 सेंटिमीटर केलंत तर फूल मोठं आणि दांडा जाड होतो, पण गुच्छात असं फूल बाकी सगळ्यांना झाकून टाकतं. मिश्र गुच्छाला दाट लावणीचं लहान तोंडाचं सूर्यफूलच बरं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण टप्प्याटप्प्याने पेरूनही पुष्कळांची फुलं एकदम येतात ती यामुळे. पेरणीतलं अंतर आणि फुलण्यातलं अंतर सारखं नसतं. थंडीच्या शेवटी पेरलेलं सूर्यफूल 68 दिवस घेतं असं समजा. त्यानंतर 14 दिवसांनी पेरलेल्याला ऊबदार जमीन मिळते आणि ते 60 दिवसांत येतं. पहिलं 68व्या दिवशी आणि दुसरं 74व्या दिवशी फुलतं. पेरणीत चौदा दिवसांचं अंतर होतं, तोडणीत सहाच उरलं. हवा तापत असताना मागची खेप पुढचीला गाठत जाते. म्हणून थंड सुरुवातीला तारीख बघून पेरू नका, आधीच्या खेपेकडे बघून पेरा: तिला बीदलांनंतरची खऱ्या पानांची पहिली जोडी पूर्ण उघडली की पुढची खेप टाका. थंडीत याला दहा-बारा दिवस लागतात, उन्हाळ्यात सातच्या आसपास. हंगामाच्या शेवटी, दिवस आखडायला लागले की उलटं होतं. सात दिवसांच्या अंतराने पेरलेल्या दोन खेपा दहा-बारा दिवसांच्या अंतराने फुलतात आणि मध्ये खिंडार पडतं. तिथे पाच दिवसांनी पेरा. दिवस 10 तासांपेक्षा लहान झाला की बहुतेक पिकांची वाढ जवळजवळ थांबते. त्या काळात तोडायचं पीक त्याआधीच तोडणीजवळ आलेलं असायला हवं.

मध्यम गोल फुलांचा कणा झिनिया. बेनरीज जायंट ही मोठ्या फुलांची, ओक्लाहोमा ही लहान. 25 सेंटिमीटर अंतराने 4 ओळी लावल्या तर मीटरला 16 झाडं. 8 मीटरमध्ये 128 झाडं बसतात. भर बहरात झाडामागे आठवड्याला दोन दांडेही निघतात, पण आखणीत मी एकच विकाऊ दांडा धरतो. म्हणजे 8 मीटरमधून तुमची 120ची गरज भागते आणि वाफ्याचे उरलेले 2 मीटर गोम्फ्रेना किंवा स्कॅबिओसासारख्या दुसऱ्या गोल फुलाला मिळतात. सगळे गोल दांडे झिनियाचेच ठेवू नका. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली की एकाच आठवड्यात तुमचे 120 दांडे शून्य होतील.

झिनियाची एक खेप चांगल्या प्रतीची फुलं सहा आठवडे देते. पुढेही फुलं येत राहतात, पण दांडे आखूड आणि पानं पांढरी. 20 आठवड्यांना तीन खेपा लागतात. पहिली तोडणी ज्या आठवड्यात हवी त्याच्या 10 आठवडे आधी पहिली खेप ट्रेमध्ये पेरा: तीन-चार आठवडे ट्रेमध्ये, पुढचे सहा वाफ्यात. दुसरी खेप पहिल्या तोडणीच्या 3 आठवडे आधी, तिसरी पहिल्या तोडणीनंतर 3 आठवड्यांनी. दुसरी खेप पेराल तेव्हा पहिलीचं एकही फूल उमललेलं नसेल. आत्ता तर एवढी झाडं उभी आहेत, आणखी कशाला, असं वाटून नेमकी हीच पेरणी राहून जाते. तुमच्या रिकाम्या महिन्याचं एक कारण तेच असणार. जुनी आणि नवी खेप काही काळ एकत्र उभी राहते, म्हणून झिनियाला दोन वाफे धरा.

उंच तुऱ्यांसाठी ऋतूप्रमाणे पीक बदला. हंगामाच्या थंड आठवड्यांत स्नॅपड्रॅगन, उष्ण आठवड्यांत ग्लॅडिओलस. स्नॅपड्रॅगनच्या जाती उजेड आणि तापमानाप्रमाणे 1 ते 4 गटांत विभागलेल्या असतात. गट 1 कमी उजेडाच्या थंड दिवसांचा, गट 4 लांब उष्ण दिवसांचा. चुकीच्या ऋतूत चुकीचा गट लावला तर कमकुवत दांड्यावर घाईघाईने फूल येतं किंवा फूल येतच नाही, नुसतं झाड वाढत राहतं. पाकिटावर गट लिहिलेला नसेल तर विक्रेत्याला विचारल्याशिवाय घेऊ नका. 20 बाय 20 सेंटिमीटर अंतराने 5 ओळी, मीटरला 25 झाडं. 4 मीटरमध्ये 100. शेंडा खुडलेलं झाड तीन-चार चांगले दांडे देतं. तीनच धरले तर 300 दांडे, साधारण पाच आठवड्यांत, आठवड्याला तुमचे 60. दर चार आठवड्यांनी अशी एक 4 मीटरची खेप. पहिली खेप मात्र तोडणीच्या चौदा-पंधरा आठवडे आधी पेरावी लागते. बी धुळीसारखं बारीक असतं आणि उगवायला उजेड मागतं. ओल्या मिश्रणावर नुसतं टेकवा, वरून झाकू नका.

ग्लॅडिओलसचं गणित सूर्यफुलासारखं आहे: एक कंद, एक दांडा. घेर 10 ते 12 सेंटिमीटरचे 75-80 कंद आठवड्याला, 10 ते 15 सेंटिमीटर खोल. जातीप्रमाणे 70 ते 100 दिवस. एक सोय अशी की लवकर आणि उशिरा येणाऱ्या दोन जाती एकाच दिवशी लावल्या तर एका मशागतीत दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन बहर मिळतात. पुढच्या वर्षासाठी कंद ठेवायचे असतील तर तोडताना झाडावर किमान चार पानं राहू द्या आणि पुढे सहा आठवडे झाड उभं ठेवा. 12 वाफ्यांच्या शेतात हे सहा आठवडे महाग पडतात, म्हणून कंद दरवर्षी नवे घेण्याकडे माझा कल आहे. दोन्ही मिळून तुऱ्यांना दोन वाफे.

भरणी आणि पाला हा नवीन माणूस हमखास विसरतो. बी निवडताना रंगीत फुलांवर नजर जाते, हिरव्याकडे कोणी बघत नाही, आणि मग गुच्छ बांधताना 30 ऐवजी 18च होतात. याला तीन वाफे द्या. एकात सुवासिक तुळशीच्या कापणीच्या जाती, त्या वारंवार तोडता येतात. दुसऱ्यात शेपू किंवा अम्मी (पांढऱ्या छत्रीसारख्या तुऱ्यांची). या दोन्ही झटपट फुलून संपतात, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा पेरायच्या. तिसऱ्यात राजगिरा किंवा पिसासारखा तुरा येणारा सिलोशिया आणि स्टॅटिस. स्टॅटिसचा फायदा असा की तो वाळवूनही चालतो, एखाद्या आठवड्यात जास्त आला तर उलटा टांगून ठेवा.

तर आतापर्यंत सूर्यफूल 2, झिनिया आणि सोबती 2, तुरे 2, भरणी 3, एकूण 9 वाफे. उरलेले 3 भरायची घाई नको. एक कायम फिरता रिकामा ठेवा. जुनं पीक उपटून कंपोस्ट घालून पुन्हा ओल धरायला दोन आठवडे जातात, आणि वाफा तयार नाही म्हणून रोपं ट्रेमध्ये अडकली की त्यांची वाट लागते. सिलोशिया तर ट्रेमध्ये मुळं गुंडाळली गेली की तिथेच बोटभर उंचीवर तुरा काढतो आणि मग कितीही खत दिलं तरी वाढत नाही. दुसरा वाफा खिंडार भरण्यासाठी राखून ठेवा, जास्तीची सूर्यफुलं वगैरे. तिसऱ्यात नवीन जातीची चाचणी, प्रत्येकी मीटरभर. डेलिया, लिसिअँथस ही फुलं मोहात पाडतात. पण लिसिअँथसला बियापासून फुलापर्यंत पाच महिन्यांच्या आसपास लागतात आणि रोपावस्थेत उष्णता लागली की झाड जमिनीलगत पानांचा झुपका करून बसतं. घ्यायचंच तर तयार रोपं घ्या, तीही चाचणीच्या वाफ्यापुरती.

चायना ॲस्टरबद्दल वेगळं सांगतो, कारण तो स्वस्त आणि सुंदर म्हणून सगळे लावतात. एका झाडाचा बहर एकदम येतो आणि एकदम संपतो, म्हणून तो एकदाच देणाऱ्या गटात धरायचा. दिवस लहान असताना लावला तर झाड बुटकं राहतं. आणि त्याचा मर रोग जमिनीत वर्षानुवर्षं राहतो, त्यामुळे त्याच वाफ्यात लागोपाठ लावू नका.

दिवसाच्या लांबीचा फटका इतरांनाही बसतो. कॉसमॉस आणि सिलोशिया लहान दिवसांत लवकर आणि बुटक्या अवस्थेत फुलतात. काही सूर्यफुलंही तशीच. दिवस आखडतानाच्या खेपांसाठी दिवसाच्या लांबीला न जुमानणारी जात निवडा, नाहीतर गुडघ्याएवढ्या झाडावर फूल दिसेल.

आता आखणी कागदावर बरोबर असूनही शेतात दांडे कमी का पडतात ते. पहिलं कारण शेंडा खुडणं. झिनिया, स्नॅपड्रॅगन, कॉसमॉस 20 ते 25 सेंटिमीटर उंच झाले की पानांच्या तीन-चार जोड्या ठेवून वरचा शेंडा कापा. पहिलं फूल आठवडा-दोन आठवडे लांबतं, तेवढे दिवस आखणीत धरा. पण एकदांडी सूर्यफूल, स्टॉक (हेही तुऱ्याचं फुलझाड) आणि कोंबड्याच्या तुऱ्यासारखा एकदांडी सिलोशिया कधीही खुडू नका. एकच दांडा देणाऱ्या झाडाचा शेंडा गेला म्हणजे ते पीक गेलं.

दुसरं कारण कात्री कुठे लावता हे. झिनियाचं पहिलं मधलं फूल तोडताना वरच्या फांद्यांवरच्या कळ्यांची दया येते आणि माणूस वीतभर दांडा घेतो. त्यामुळे पुढचे सगळे दांडे त्या वरच्या पेरांतून फुटतात, तेही वीतभरच. खाली उतरा, जमिनीपासून पानांची दुसरी-तिसरी जोडी शोधा आणि तिच्या वर कापा, कळ्या गेल्या तरी चालतील. दोन आठवड्यांत त्या पेरातून दोन लांब सरळ फांद्या येतात. तीनदा वर कापलेल्या वाफ्यात सातव्या आठवड्यात एकही विकाऊ दांडा राहत नाही, फुलं भरपूर दिसत असतानाही.

तिसरं, आधाराची जाळी. 15 सेंटिमीटर चौकटीची आडवी जाळी झाडं 30 सेंटिमीटरची व्हायच्या आत खुंटांवर ताणा आणि झाडाबरोबर वर सरकवत जा. झाड पडल्यावर बांधून उपयोग नाही. स्नॅपड्रॅगन आणि ग्लॅडिओलस आडवे पडले की काही तासांत टोक वर वळतं आणि तो बाक पुन्हा सरळ होत नाही. याच कारणाने हे दोन्ही तोडल्यावरही बादलीत उभेच ठेवायचे.

चौथं, खत. नत्र जास्त झालं की पानं गडद हिरवी, झाड डोलदार, दांडा मऊ आणि फूल लवकर मान टाकणारं. लावणीआधी कुजलेलं कंपोस्ट आणि मातीच्या तपासणीप्रमाणे जे कमी असेल ते, एवढं पुरतं. पाणी ठिबकनेच द्या. वरून फवारलेलं पाणी पाकळ्या डागाळतं आणि स्नॅपड्रॅगनवर तांबेऱ्याला आमंत्रण देतं.

तोडणीची अवस्था चुकली तर उभं पीकही मातीमोल होतं. सूर्यफूल पहिल्या पाकळ्या मधल्या चकतीपासून सुटायला लागल्या की तोडा, उरलेलं बादलीत उमलतं. ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की. स्नॅपड्रॅगन खालची एक तृतीयांश फुलं उघडल्यावर. उशीर झाला आणि मधमाशी बसून परागीकरण झालं तर त्याच्या पाकळ्या गळतात. कॉसमॉस पाकळ्या नुकत्या सुटत असताना. झिनिया मात्र कळीत तोडाल तर उमलणारच नाही. त्याची परीक्षा हाताने: फुलाच्या खाली वीतभर अंतरावर दांडा चिमटीत धरून हलवा. मान लुळी डोलली तर दोन दिवस थांबा, सगळा दांडा काठीसारखा एकसंध हलला तरच कापा. शीतगृह असेल तर झिनिया आणि तुळस त्यात ठेवू नका, थंडीने झिनियाच्या पाकळ्या खराब होतात आणि तुळस काळी पडते. पिकणारी फळंही तिथे नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने स्नॅपड्रॅगन झडतो.

बियांचं प्रमाण ग्रॅममध्ये ठरवू नका, झाडं मोजा आणि त्यावर पाव हिस्सा चढवा. सूर्यफूल 20 खेपा गुणिले 80, म्हणजे 1600 बिया, अधिक खिंडारासाठी 200. झिनिया तीन खेपा, प्रत्येकी 128 झाडांना 160 बिया, एकूण 480. स्नॅपड्रॅगनच्या प्रत्येक खेपेला 130 रोपं तयार करा. बारीक बियांच्या रोपांत मर होते, आणि पाणी जास्त झालं की एका रात्रीत ट्रेचा कोपरा झोपतो. सूर्यफुलाचं सगळं बी एकदम घेतलंत तर कोरड्या थंड जागी ठेवा, विसावी खेप पेरायला बराच काळ जातो.

वेळापत्रक लिहिताना प्रत्येक खेपेला एक ओळ द्या: पीक व जात, वाफा क्रमांक आणि कितवा मीटर, पेरणी, वाफ्यात लावणी, अपेक्षित पहिली तोडणी, प्रत्यक्ष पहिली तोडणी, विकाऊ दांडे, उपटायची तारीख. उपटायची तारीख पेरणीच्याच दिवशी लिहायची. फुलं दिसत असलेला वाफा उपटायला हात धजत नाही, म्हणून माझा नियम असा: सलग दोन आठवडे विकाऊ दांडे ठरवलेल्याच्या निम्म्याखाली गेले की वाफा मोकळा. अपेक्षित आणि प्रत्यक्ष तारखांतला फरक पुढच्या वर्षी पाकिटावरच्या दिवसांच्या जागी वापरा.

तुमचे 20 आठवडे कोणत्या महिन्यापासून सुरू होतात, दहिवर पडतं का, आणि झाडांवर ऊन किती तास असतं हे लिहिलंत तर स्नॅपड्रॅगन कधी थांबवून ग्लॅडिओलसवर जायचं आणि पहिल्या खेपा नेमक्या कोणत्या आठवड्यात टाकायच्या ते सांगता येईल. तोवर बाकी काही मागवलं नाहीत तरी चालेल, पण स्नॅपड्रॅगनचं बी आधी मागवा, या यादीत सगळ्यात आधी पेरावं लागणारं तेच आहे.